न केलेली दुरुस्ती: ड्रुपल ७.३२ आणि आमची एक साइट

१८ ऑक्टोबर २०१४, शनिवार. ड्रुपल म्हणजे वेबसाइट चालवायचं एक ओपन सोर्स, म्हणजे उघड्या कोडचं, सॉफ्टवेअर. दुपारी आम्ही एका संस्थेची ड्रुपल साइट ७.३१ या आवृत्तीवरून ७.३२ वर नेली. काम अर्ध्या तासाचं. जुन्या फोल्डरचं नाव बदलून तो बाजूला ठेवला, नवा जागेवर आणला, साइटच्या स्वतःच्या फायलींचा ‘साइट्स’ फोल्डर त्यात परत ठेवला, अपडेटचं पान चालवलं आणि चार-दोन पानं उघडून बघितली. संस्थेच्या सचिवांना फोन केला. “झालं ना अपडेट? मग आता काळजी नाही,” ते म्हणाले. “नाही सर,” मीही म्हणालो.

पुढचे अकरा दिवस आम्ही निर्धास्त होतो. साइट मात्र शनिवारच्या आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेलेली होती, आणि आम्ही नवं कुलूप लावलं तेव्हा तो माणूस घरातच बसलेला होता.

जे घडलं त्याची सुरुवात बुधवारी, १५ ऑक्टोबरला झाली. जागतिक वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास ड्रुपलच्या सुरक्षा गटाने ७.३२ ही आवृत्ती आणि तिच्यासोबतचं सूचनापत्र प्रसिद्ध केलं. दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०१४-३७०४. पुढे लोकांनी त्याला ‘ड्रुपलगेडन’ म्हणायला सुरुवात केली. जर्मनीतल्या सेक्शनआइन्स या सुरक्षा तपासणी करणाऱ्या कंपनीला एका ग्राहकासाठी ड्रुपलचा कोड तपासताना तो सापडला होता आणि तिने सप्टेंबरमध्ये सुरक्षा गटाला गुपचूप कळवला होता. ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आलं. म्हणजे पावणेचार वर्षं हा दोष सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, उघड्या कोडमध्ये पडून होता. ड्रुपल ६ ला मात्र काही झालं नाही, कारण त्यातली डेटाबेसशी बोलायची पद्धत जुनी होती. नवी, सुधारलेली, जास्त सुरक्षित पद्धत ७ मध्ये आली आणि दोष नेमका तिच्यात होता.

हा दोष कोडच्या एका ओळीत होता. इथे थोडं थांबून ती ओळ नीट बघू. ती समजली की पुढचं सगळं आपोआप समजतं.

ड्रुपल ७ मध्ये डेटाबेसशी बोलण्यासाठी एक मधला थर आहे. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे बाहेरून आलेल्या मजकुरातून डेटाबेसला चोरटे हुकूम देणं, होऊ नये हा त्याचा एक मुख्य हेतू. पाहुण्याने टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, मिसळायचा नाही. क्वेरीत नाव दिलेली रिकामी जागा सोडायची आणि मजकूर वेगळ्या हाताने पाठवायचा. मजकुरात कुणी कितीही वाकडंतिकडं लिहिलं तरी डेटाबेस त्याला मजकूरच समजतो, हुकूम समजत नाही. इथवर ठीक.

आता समजा एका जागी एकच किंमत नाही, यादी भरायची आहे. ‘ज्यांचं नाव या तिघांपैकी एक आहे असे सदस्य दे’ अशा प्रकारची क्वेरी. तेव्हा हा थर ‘नाव’ या एका जागेच्या ‘नाव_०’, ‘नाव_१’, ‘नाव_२’ अशा तीन जागा करतो. हे आकडे कुठून घ्यायचे? ज्याने कोड लिहिला त्याने ते आलेल्या अ‍ॅरेच्या, म्हणजे कप्प्याकप्प्यांच्या यादीच्या, कप्प्यांच्या नावांवरून घेतले. साध्या यादीत कप्प्यांची नावं ०, १, २ अशीच असतात, त्यामुळे चाचणीत सगळं बरोबर चाललं. पण पीएचपी या ड्रुपलच्या प्रोग्रॅमिंग भाषेत कप्प्याचं नाव म्हणजे कोणताही मजकूर असू शकतो. शिवाय फॉर्ममधल्या रकान्याच्या नावापुढे चौकोनी कंस लावून काही पाठवलं की पीएचपी आपणहून त्याचा अ‍ॅरे बनवतं, आणि कंसातला मजकूर हे कप्प्याचं नाव होतं. लॉगिनच्या चौकटीत सदस्याचं नाव एकच, साधं अक्षरी येणार असं ड्रुपलने धरून ठेवलं होतं. तसं ते येतंय का, हे कुणी तपासत नव्हतं.

म्हणजे हल्ला करणाऱ्याने पाठवायचे दोन कप्पे. एकाचं नाव नुसतं शून्य, आत काहीतरी फुटकळ. दुसऱ्याचं नाव शून्यापासून सुरू होणारं, पण पुढे अर्धविराम, आणि त्यापुढे डेटाबेसला द्यायचा अख्खा हुकूम. आत काय आहे याला महत्त्वच नाही. आतला मजकूर वेगळ्या हाताने, नीट सुरक्षितपणे जाणार होता. कप्प्याचं नाव मात्र थेट क्वेरीच्या मजकुरात चिकटवलं जात होतं. त्यात ड्रुपल ज्या पद्धतीने पीडीओ (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा भाग) वापरत होतं तिच्यामुळे मायएसक्यूएल हा डेटाबेस एका दमात एकापेक्षा जास्त हुकूम स्वीकारत होतं. पहिला हुकूम सदस्य शोधायचा, दुसरा सदस्य क्रमांक १ चा पासवर्ड बदलायचा. ड्रुपलमध्ये सदस्य क्रमांक १ म्हणजे सर्वाधिकारी. लॉगिन करायची गरज नाही. लॉगिनची चौकट दिसत होती तेवढं पुरे.

दुरुस्ती किती? एक ओळ. यादीवरून फिरण्याआधी तिच्या कप्प्यांची नावं फेकून द्यायची आणि शून्यापासून नवे आकडे लावायचे. पीएचपीत त्यासाठी ‘अ‍ॅरे व्हॅल्यूज’ हे फंक्शन तयारच आहे. त्या एका शब्दाने कुंपण शेत खायचं थांबलं.

पण ही एक ओळ दिसते तितकी निरागस नाही. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती आली तर ती उलगडायला काही कष्ट पडतात. ओपन सोर्समध्ये ७.३१ आणि ७.३२ शेजारी ठेवले की फरक समोर दिसतो. आणि इथे फरक इतका छोटा होता की पीएचपी जाणणाऱ्याला त्याचा अर्थ लावायला जेवणाची सुट्टीही पुरली असती. दुरुस्ती आणि हल्ल्याची कृती एकाच कागदावर, एकाच क्षणी, सगळ्यांच्या हातात पडली. त्या क्षणी युरोपात ऑफिसं सुटत होती, अमेरिकेत कामाचा दिवस चालू होता, आशियात रात्र होती. काही तासांतच आपोआप साइट शोधून हल्ला करणाऱ्या स्क्रिप्ट फिरू लागल्या.

आम्ही सूचनापत्र गुरुवारी वाचलं. गंभीर आहे हे कळलं. पण असे अपडेट शनिवारी करायची आमची रीत होती, कारण त्या दिवशी साइटवर वर्दळ कमी असते. रीत चुकीची नव्हती. फक्त ती ज्या काळासाठी केली होती तो काळ त्या आठवड्यात नव्हता.

२९ ऑक्टोबरला ड्रुपलच्या सुरक्षा गटाने दुसरं जाहीर निवेदन काढलं. त्याचा आशय असा: १५ ऑक्टोबरला जागतिक वेळेनुसार रात्री अकराच्या आत, म्हणजे घोषणेनंतर सात तासांत, दुरुस्त न केलेली ड्रुपल ७ ची प्रत्येक साइट ताब्यात गेली आहे असं धरून चाला. नुसतं ७.३२ वर गेल्याने मागचे चोरदरवाजे बंद होत नाहीत. आणि एक वाक्य असं होतं की ते वाचून मी चहा तसाच ठेवला: तुमची साइट तुम्ही न करताच दुरुस्त झालेली दिसली तर तेही घुसखोरीचं लक्षण असू शकतं. काही हल्लेखोर आत शिरल्यावर स्वतःच ती ओळ दुरुस्त करून ठेवत होते, मागून दुसरा कुणी येऊ नये म्हणून.

शनिवारी बाजूला सारलेला जुना फोल्डर अजून सर्व्हरवर होता. पुसायचा आळस झाला होता, त्या आळसाचे उपकार. ७.३१ ची कोरी प्रत उतरवून दोन्ही फोल्डर ‘डिफ’ला, म्हणजे दोन प्रतींतला फरक दाखवणाऱ्या आज्ञेला, दिले. शेकडो फायलींमधून एकच फरक आला. डेटाबेसची ती फाइल, ती ओळ, तोच एक शब्द. आवृत्तीच्या जागी ७.३१ हेच लिहिलेलं, पण भोक बुजवलेलं. आमच्या गटात कुणी केलं का, तिघांनाही विचारलं. कुणीच नाही. फायलीच्या बदलाची तारीख १६ ऑक्टोबर होती, पण ती तारीखही मागेपुढे करता येते, त्यामुळे तिच्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता.

इथे आमची एक चूक सांगायला हवी. वेब सर्व्हरला ड्रुपलच्या मूळ फायलींमध्ये लिहायची परवानगी असायला नको. आमच्याकडे होती. कधीतरी एक मॉड्यूल, म्हणजे ड्रुपलचा जोड-भाग, ब्राउझरमधूनच बसवायचं होतं, परवानगी आडवी आली, ती सैल केली आणि परत आवळायची राहून गेली. पाहुण्याने आमच्या फायलीत आमच्यापेक्षा चांगला कोड लिहिला, तो या सैलपणामुळे.

मग पुरावा शोधायला बसलो आणि कळलं की तो आपणच पुसला आहे. ड्रुपल ७ मध्ये कोणत्या पत्त्यावर काय दाखवायचं याची एक सारणी असते, ‘मेन्यू राउटर’ नावाची. तिच्या प्रत्येक ओळीत ‘या पत्त्यावर येणाऱ्याला आत सोडायचं का’ हे ठरवणाऱ्या फंक्शनचं नाव लिहिलेलं असतं, आणि ड्रुपल मुकाट्याने ते फंक्शन बोलावतं. हल्लेखोरांची एक गाजलेली युक्ती अशी होती की तिथे नवी ओळ घालायची आणि दारवानाच्या जागी पीएचपीचं फायलीत मजकूर लिहिणारं फंक्शन नेमायचं. मग त्या पत्त्यावर एक भेट दिली की सर्व्हरवर हवी ती फाइल तयार. ना लॉगिन, ना नवा सदस्य. पण अपडेटच्या शेवटी ड्रुपल सगळे कॅश रिकामे करतं आणि ही सारणी नव्याने बांधतं. शनिवारी आम्ही अपडेटचं पान चालवलं तेव्हा ती ओळ, असलीच तर, निघून गेली. १७ तारखेचा रात्रीचा बॅकअप वेगळ्या यंत्रावर उघडला तेव्हा ती सापडली. पत्त्याचं नाव अर्थहीन सहा अक्षरांचं.

तिने लिहिलेली फाइल ‘साइट्स’ फोल्डरमध्ये, एका जोड-मॉड्यूलच्या आत पडली होती. तिचं नाव त्या मॉड्यूलच्या इतर फायलींसारखंच. हाच फोल्डर आम्ही शनिवारी स्वतःच्या हाताने उचलून नव्या ड्रुपलमध्ये ठेवला होता. आत जेमतेम चार ओळी, बाहेरून येईल तो कोड चालवणाऱ्या.

सर्व्हरच्या नोंदींनी फारशी मदत केली नाही. मुखपृष्ठाकडे आलेल्या काही ‘पोस्ट’ विनंत्या (फॉर्म भरून पाठवला की जातात त्या) दिसल्या, सगळ्या यशस्वी. पण ‘पोस्ट’मध्ये काय आलं हे साध्या नोंदीत लिहिलं जातच नाही. रोजच्या लॉगिनची नोंदही हुबेहूब अशीच दिसते.

निवेदनातला सल्ला स्पष्ट होता. साइट बंद करा, तिच्या जागी साधं एचटीएमएल पान ठेवा. त्याच सर्व्हरवर आणखी साइट असतील तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला कळवा. शक्य असेल तर नवा सर्व्हर घ्या, नाहीतर फायली आणि डेटाबेस पूर्ण काढून टाका. १५ ऑक्टोबरच्या आधीचा बॅकअप बसवा, तो दुरुस्त करा, मग उघडा.

१५ ऑक्टोबरच्या आधीचा बॅकअप. आम्ही रोज रात्री बॅकअप घ्यायचो आणि चौदा ठेवायचो. पंधरावा आला की पहिला जायचा. निवेदन आलं २९ ला. त्या दिवशी आमच्याकडचा सर्वांत जुना बॅकअप होता १६ तारखेचा. एका दिवसाने हुकलं म्हणायचं की सात तासांनी, ते तुम्ही ठरवा. चौदा हा आकडा कुणी आणि का ठरवला होता हे आमच्यापैकी कुणालाच आठवेना. बहुधा तेव्हा डिस्कमध्ये तेवढीच जागा असावी.

वाचवलं ते एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपने. सप्टेंबरच्या सुरुवातीला नव्या माणसाला शिकवण्यासाठी त्याने साइटची पूर्ण प्रत उतरवून घेतली होती. तिच्यावरून नव्या सर्व्हरवर साइट उभी केली. राहिला सप्टेंबर ते २९ ऑक्टोबरमधला मजकूर. बाधित डेटाबेसमधली सारणी जशीच्या तशी आणणं म्हणजे रोग्याचं पांघरूण निरोग्याला देणं. ड्रुपल ७ मध्ये ‘पीएचपी फिल्टर’ नावाचं मूळचंच एक मॉड्यूल होतं, जे लेखाच्या मजकुरात लिहिलेला पीएचपी कोड चालवायचं. ते चालू केलेलं असेल तर साधा दिसणारा लेखही चोरदरवाजा होऊ शकतो. (ड्रुपल ८ मधून ते काढून टाकलं. बरं झालं.) म्हणून लेखांचा नुसता मजकूर साध्या फायलींत काढला, डोळ्यांनी वाचला आणि हाताने पुन्हा भरला. चित्रांच्या फोल्डरमधून चित्रं आणि पीडीएफ सोडून बाकी सगळं टाकलं. सगळ्या सदस्यांचे पासवर्ड नव्याने. डेटाबेसचा पासवर्ड नवा. ईमेल पाठवायच्या खात्याचा पासवर्ड, जो सेटिंगच्या फायलीत उघडा लिहिला होता, तोही नवा. हा शेवटचा चार दिवस उशिरा आठवला.

त्याच सर्व्हरवर, त्याच वापरकर्त्याच्या नावाने, संस्थेचा अंतर्गत विकीही (सगळ्यांनी मिळून पानं लिहायची साइट) चालत होता. डोकूविकी. त्याच्यात काहीच दोष नव्हता, पण शेजारच्या खोलीत चोर राहून गेला असेल तर आपलं कपाटही उघडून बघावंच लागतं. आणि हे काम एका दुपारी संपलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. डोकूविकीला डेटाबेसच नसतो. प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकूर-फाइल, जुन्या आवृत्त्या ‘अ‍ॅटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये दाबून ठेवलेल्या, सदस्यांची यादीसुद्धा एक मजकूर-फाइल. कोड पूर्ण नवा उतरवला, पानांचा फोल्डर जुन्या प्रतीशी ताडून बघितला, सदस्यांच्या यादीत अनोळखी नाव नाही ना ते पाहिलं, झालं. डेटाबेसवाल्या मोठ्या विकीची ताकद वेगळी असते, हे मान्य. पण ‘आत काय बदललं’ हा प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा मजकूर-फायलींइतकं सरळ उत्तर कुणी देत नाही. विकी चालवणाऱ्यांचा आणखी एक गैरसमज असतो की पानाचा इतिहास आहे, म्हणजे बॅकअप आहे. इतिहास त्याच डिस्कवर, त्याच हातांच्या टप्प्यात असतो. संपादकाची चूक तो परतवतो, सर्व्हरच ताब्यात घेतलेल्याची नाही.

आता सुरक्षा गटाबद्दल. त्या काळात त्यांच्यावर बरीच टीका झाली. सप्टेंबरमध्ये कळलेला दोष ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत का थांबवला? त्यांचं कारण मला पटतं. सप्टेंबरच्या अखेरीपासून अ‍ॅम्स्टरडॅममध्ये ड्रुपलकॉन ही ड्रुपलवाल्यांची परिषद होती आणि साइट सांभाळणारे कितीतरी लोक प्रवासात असणार होते. तिसऱ्या बुधवारचा ठरलेला दिवस त्यांनी निवडला. खरी उणीव वेगळीच होती: ‘बुधवारी काहीतरी मोठं येतंय, संध्याकाळ मोकळी ठेवा’ एवढं आधी कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या सॉफ्टवेअरवरही अशी वेळ आली होती. २०१४ च्या जानेवारीत मीडियाविकी या विकी चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, डेजाव्हू (स्कॅन केलेल्या पानांचा एक फाइल-प्रकार) किंवा पीडीएफ फायली चढवायची सोय असलेल्या विकींवर बाहेरून कोड चालवता येईल असा दोष निघाला. १.२२.२, १.२१.५ आणि १.१९.११ या आवृत्त्यांनी तो बुजवला. तिथे ती सोय चालू असेल तरच धोका होता, आमच्या प्रकरणात नुसती लॉगिनची चौकट पुरत होती. वर्डप्रेसने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, ३.७ पासून, छोटे अपडेट आपोआप बसवायला सुरुवात केली होती. त्याच्या जोरावर २०१७ मध्ये त्यांनी वेगळाच डाव टाकला. ४.७.२ ही आवृत्ती २६ जानेवारीला काढली, पण तिच्यातल्या सर्वांत मोठ्या दुरुस्तीबद्दल १ फेब्रुवारीपर्यंत बोललेच नाहीत, म्हणजे तोवर बहुतेक साइट आपोआप दुरुस्त व्हाव्यात. ज्यांनी ही सोय बंद ठेवली होती त्यांच्या साइटवरची पानं नंतर मोठ्या संख्येने विद्रूप झालीच. ड्रुपलला तेव्हा हा डाव टाकता आला नसता. आपोआप अपडेट नव्हतेच, आणि एका ओळीचा फरक लपवायचा तरी कुठे?

पीएचपीवाल्यांनीही एक धडा घेतला. ५.५.२१ आणि ५.६.५ पासून पीडीओच्या मायएसक्यूएल जोडणीत ‘एका वेळी एकच हुकूम’ असा निर्बंध घालता येऊ लागला.

आमच्याकडे बदललं ते थोडं. मूळ फायली वेब सर्व्हरसाठी फक्त वाचण्यापुरत्या केल्या. सगळा कोड बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये आणला, म्हणजे कोणती फाइल बदलली हे एका आज्ञेत कळतं. चौदा रोजच्या बॅकअपसोबत महिन्याचा एक, वर्षभर, दुसऱ्या यंत्रावर. आणि शनिवारची रीत तशीच ठेवली, फक्त तिला एक अपवाद जोडला: सूचनापत्रात ‘अतिगंभीर’ असेल तर शनिवार नाही.

हा अपवाद २०१८ मध्ये कामाला आला. २१ मार्चला ड्रुपलच्या सुरक्षा गटाने आधीच सांगून ठेवलं की २८ तारखेला, जागतिक वेळेनुसार संध्याकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान, मोठी दुरुस्ती येते आहे. कशात, ते सांगितलं नाही. या वेळी आम्ही दोघं जागे बसलो होतो. बॅकअप घेतला, तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघितला, सूचनापत्राचं पान दर दोन मिनिटांनी ताजं करत राहिलो. दुरुस्ती आली, बसवली, पंधरा मिनिटं लागली. मग सहकाऱ्याने न विचारता जुना फोल्डर आणि कोरी प्रत ‘डिफ’ला दिली. काहीच फरक आला नाही. त्याने आज्ञा पुन्हा एकदा चालवली, आणि मग लॅपटॉप मिटला.